एक ब्लॉग म्हणजे किती? मूव्हेबल टाइप ३.० चं प्रकरण

१३ मे २००४ रोजी सिक्स अपार्ट या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीने मूव्हेबल टाइप या आपल्या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरची ३.० आवृत्ती जाहीर केली आणि त्याच दिवशी नवं दरपत्रकही लावलं. एक लेखक आणि तीन ब्लॉग एवढ्यापुरतं सगळं फुकट. त्यापुढे गेलात की पैसे. वैयक्तिक वापराचा पहिला टप्पा ६९.९५ डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीन हजार रुपये आणि वर थोडे. लेखक वाढले, ब्लॉग वाढले की दर चढत जाणार. धंद्यासाठी वापरणाऱ्यांचा आकडा काहीशे डॉलरांत.

या प्रकरणाची नेहमीची गोष्ट दोन ओळींत सांगून होते: फुकटच्या वस्तूला किंमत लावली, लोक भडकले आणि वर्डप्रेस या फुकट, खुल्या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरकडे गेले. ती खोटी नाही. पण तेवढ्यावर थांबलं तर ‘लोकांना सगळं फुकट हवं असतं’ एवढंच हाती लागतं, आणि ते इथे नीट बसत नाही. भडकलेल्यांपैकी अनेकांनी याच सॉफ्टवेअरसाठी आधी आपणहून देणगी दिलेली होती, आणि सर्वांत गाजलेल्या टीकाकाराने वाचलेले पैसे खिशात ठेवले नाहीत. माझ्या मते पैसे मागण्यात काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पैसे कशाच्या मापाने मागितले ते. आणि गिऱ्हाईक इतक्या सहज निघून जाऊ शकलं, कारण बाहेर पडायची वाट सिक्स अपार्टनेच आधी बांधून ठेवली होती. त्याचं श्रेय त्यांना कुणी फारसं देत नाही.

नवरा-बायकोचं सॉफ्टवेअर

बेन आणि मीना ट्रॉट हे जोडपं. दोघांच्या जन्मतारखांत सहा दिवसांचं अंतर, त्यावरून कंपनीचं नाव सिक्स अपार्ट. मीना स्वतः ब्लॉग लिहायची आणि हाताशी असलेल्या साधनांवर नाखूश होती. बेन पर्ल भाषेत प्रोग्रॅम लिहायचा. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यानंतरच्या त्या दिवसांत दोघांनी घरच्या घरी जे बनवलं ते ऑक्टोबर २००१ मध्ये मूव्हेबल टाइप १.० म्हणून बाहेर आलं.

त्या वेळी बहुतेक लोक ब्लॉगर वापरत. १९९९ मध्ये पायरा लॅब्जने सुरू केलेली ही सेवा सोपी होती, पण सगळा कारभार त्यांच्या सर्व्हरवर. तो सर्व्हर आडवा झाला की तुमचं लिहिणंही आडवं. मूव्हेबल टाइप तुम्ही सर्व्हरवर स्वतः भाड्याने घेतलेल्या जागेत बसवायचात. वर्गवारी, प्रतिक्रिया, एकाहून अधिक लेखक, पानाचा साचा हवा तसा बदलण्याची सोय, हे सगळं एका ठिकाणी. २००२ मध्ये त्यांनी ट्रॅकबॅक आणला: मी तुमच्या नोंदीवर माझ्या ब्लॉगवर काही लिहिलं, तर तुमच्या नोंदीखाली आपोआप तशी सूचना उमटायची. दोन ब्लॉग एकमेकांशी बोलू लागले ते यामुळे. पुढे स्पॅमवाल्यांनी ट्रॅकबॅकचं मातेरं केलं, पण तेव्हा तो एक सुंदर शोध होता.

बसवायला मात्र हे सॉफ्टवेअर किचकट होतं. फाइली चढवायच्या, सीजीआय फाइलींना (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांना) चालण्याची परवानगी द्यायची, सर्व्हरवर पर्ल कुठे आहे तो पत्ता शोधायचा, मांडणीच्या फाइलीत मार्ग भरायचे, मग सुरुवातीची एक स्क्रिप्ट चालवायची आणि ती आठवणीने पुसायची. नाही पुसली तर दुसरं कुणीही ती चालवू शकेल. पहिल्यांदा आत शिरायचं सर्वांचं नाव एकच, ‘मेलडी’, आणि पासवर्ड ‘नेल्सन’. ते बदलायला किती जण विसरले असतील याचा विचार न केलेला बरा.

एवढं सोसून लोक ते बसवत, आणि बसवल्यावर त्यांना त्याचा अभिमान वाटे. पर्ल ही मजकुराच्या रूपातच चालणारी भाषा, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवलं की त्याचा सगळा कोड समोर उघडा. लोक तो वाचत, खुपलं तिथे दुरुस्त करत, प्लगइन म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम लिहीत आणि एकमेकांना देत. साध्या मजकुरात खुणा करून मांडणी करायची जॉन ग्रूबरची पद्धत, मार्कडाउन, आज प्रोग्रॅमरांच्या रोजच्या लिखाणात आहे. २००४ च्या मार्चमध्ये ते बाहेर पडलं तेव्हा ती एक पर्ल स्क्रिप्ट होती आणि मूव्हेबल टाइपचं प्लगइन म्हणून चालत होती.

इथे एक गैरसमज मुरत गेला. कोड दिसतो, बदलता येतो, पैसे पडत नाहीत, तर हे मुक्त सॉफ्टवेअरच, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं आणि वाटावं असं, असणार असं पुष्कळांना वाटू लागलं. लायसन्स तसं म्हणत नव्हतं. वैयक्तिक वापर फुकट, जमल्यास देणगी द्या. धंद्यासाठी वेगळा परवाना विकत घ्या. आणि बदललेली प्रत दुसऱ्याला वाटायची नाही. ट्रॉट दांपत्याने हे कधी लपवलं नव्हतं. लोकांनी ते वाचलं नव्हतं, किंवा वाचून सोडून दिलं होतं, कारण अडचण कुणालाच येत नव्हती.

दरपत्रकात काय मोजलं

२००४ पर्यंत चित्र बदललं होतं. आधीच्या वर्षी जोई इटोच्या निओटेनी या गुंतवणूक संस्थेचे पैसे आले होते, टाइपपॅड ही मासिक वर्गणीची सेवा सुरू झाली होती, कंपनीत पगारी माणसं होती. देणगीच्या डब्यावर हे चालणं शक्य नव्हतं. शिवाय ज्या कंपन्या कामासाठी मूव्हेबल टाइप वापरत होत्या त्यांच्याकडून नीट पैसे घ्यायला हवेच होते. त्यात वावगं काही दिसत नाही.

अडलं ते मोजमापाशी. दरपत्रक लेखक आणि ब्लॉग मोजत होतं. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हे साहजिक: ज्याचे लेखक जास्त आणि ब्लॉग जास्त तो मोठा ग्राहक, त्याने जास्त द्यावं. पण मूव्हेबल टाइपमध्ये ‘ब्लॉग’ ही प्रत्यक्षात काय चीज होती?

या सॉफ्टवेअरला तारखेनुसार लागलेल्या नोंदी सोडून दुसरा प्रकारच माहीत नव्हता. ‘माझ्याविषयी’सारखं स्वतंत्र पान बनवायची सरळ सोय नव्हती. कडेच्या पट्टीत रोज बदलणारी दुव्यांची यादी हवी असेल, तर त्यासाठीही वेगळी जागा नव्हती. मग वापरणाऱ्यांनी युक्ती काढली: नवीन ब्लॉग उघडायचा, त्यात फक्त दुवे टाकायचे आणि त्याचं तयार झालेलं पान मुख्य ब्लॉगच्या कडेला जोडायचं. वाचलेल्या पुस्तकांची यादी? आणखी एक ब्लॉग. फोटो? अजून एक. वाचकाला दिसायचं एकच संकेतस्थळ, आत मात्र पाच-सहा ब्लॉग. लेखकांचंही तसंच. भावाला एखादी नोंद लिहायची असेल, मैत्रिणीला प्रयोग करून पाहायचा असेल, तर आपल्याच प्रतीत त्यांना खातं उघडून द्यायचं. त्यातले निम्मे वर्षभर काहीच लिहीत नसत.

म्हणजे दरपत्रकाने ज्यांना ‘मोठं ग्राहक’ ठरवलं ते खरे मोठे नव्हतेच. ते या सॉफ्टवेअरच्या उणिवांवर स्वतः तोडगे काढणारे, सर्वांत हौशी, सर्वांत जाणते वापरकर्ते होते. घरात खोल्या कमी म्हणून भाडेकरूने पडदे बांधून आडोसे केले, आणि मालकाने ते आडोसे मोजून भाडं लावलं, असा तो प्रकार झाला. त्यांना ७० डॉलर जड नव्हते. ज्या गोष्टीसाठी आपण डोकं चालवलं तिचंच बिल येतंय, हे झोंबलं.

वर ही आवृत्ती ‘डेव्हलपर एडिशन’ म्हणून आणलेली. सामान्य वापरणाऱ्याला दिसेल असं नवं तिच्यात फार काही नव्हतं. प्रतिक्रिया देणाऱ्याची ओळख पटवणारी टाइपकी ही सोय होती, आणि प्लगइन लिहिणाऱ्यांसाठी आत बरीच डागडुजी केलेली होती. प्लगइन लिहिणाऱ्यांना खूश करायला आणलेल्या आवृत्तीने प्लगइन लिहिणारेच दुखावले.

मीनाने घोषणेची जी नोंद लिहिली, तिच्याखाली ट्रॅकबॅकची रांग लागली. शेकडो ब्लॉगांवरून राग, हिशेब, टोमणे त्याच पानाखाली येऊन चिकटू लागले, आणि तेही कंपनीने स्वतः शोधलेल्या यंत्रणेतून. कौतुकाची बाब अशी की त्यांनी ते पुसले नाहीत.

दोन-तीन दिवसांत खुलासे सुरू झाले. एका पत्त्यावर दिसणारं संकेतस्थळ आतून कितीही ब्लॉगांचं बनलेलं असलं तरी तो एकच ब्लॉग धरला जाईल, अशी नवी व्याख्या लायसन्समध्ये आली. मूळ दुखणं बरोबर ओळखून केलेली ही दुरुस्ती होती. तीच व्याख्या १३ तारखेला असती तर हे प्रकरण झालंच नसतं, असं मी म्हणणार नाही. पण आवाज निम्म्यावर आला असता. तोवर मात्र चर्चा किती पैसे यावरून वेगळ्याच प्रश्नाकडे सरकली होती.

५३५ डॉलर

ती सरकवली मार्क पिल्ग्रिमने. तांत्रिक विषयांवर लिहिणारा हा ब्लॉगर तेव्हा खूप वाचला जाई. घोषणेच्या दुसऱ्या दिवशी त्याने ‘फ्रीडम झिरो’ या शीर्षकाची नोंद लिहिली. शीर्षक मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येतल्या शून्याव्या स्वातंत्र्यावरून घेतलेलं: प्रोग्रॅम कुठल्याही कामासाठी चालवण्याचं स्वातंत्र्य. त्याच्या सर्व्हरवर जेवढे लेखक आणि ब्लॉग होते त्यांचा नव्या दराने हिशेब ५३५ डॉलर येत होता. त्याने ब्लॉग वर्डप्रेसवर हलवला आणि ते ५३५ डॉलर वर्डप्रेस लिहिणाऱ्यांना देणगी म्हणून पाठवले.

त्याचा मुद्दा थोडक्यात असा. आपण सगळ्यांनी मूव्हेबल टाइप ‘पुरेसं मुक्त’ आहे म्हणून चालवून घेतलं. पण किती पुरेसं हे ठरवणारा दुसराच असेल, तर तो उद्या वेगळं ठरवू शकतो. राग सिक्स अपार्टवर काढण्यात अर्थ नाही. त्यांनी जे केलं ते करण्याचा त्यांना हक्क होता.

या नोंदीचा परिणाम एवढा का झाला, हे तिच्यातल्या तत्त्वापेक्षा तिच्यातल्या आकड्यावरून कळतं. मुक्त सॉफ्टवेअरवरची प्रवचनं तेव्हाही पुष्कळ होती. पण माणूस फुकट्या नाही, तो तितकेच पैसे मोजतोय, फक्त दुसरीकडे, हे दिसल्यावर ‘यांना फुकट हवंय’ हा बचाव कोसळला.

दुसऱ्या तीरावर कोण उभं होतं

वर्डप्रेसचा जन्मही एका सोडून दिलेल्या सॉफ्टवेअरमधून झालेला. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणाने बी२ नावाचं, पीएचपी या भाषेत लिहिलेलं ब्लॉग-सॉफ्टवेअर बनवलं होतं. २००२ अखेर त्याचं काम थंडावलं आणि वापरणारे अधांतरी राहिले. ह्यूस्टनमध्ये शिकणाऱ्या १९ वर्षांच्या मॅट मुलनवेगने जानेवारी २००३ मध्ये आपल्या ब्लॉगवर हीच अडचण मांडली आणि लिहिलं, की बी२ जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली असल्यामुळे आपण ते उचलून पुढे नेऊ शकतो. इंग्लंडमधल्या माइक लिटलने खाली प्रतिक्रिया लिहिली: खरंच करणार असशील तर मी आहे. नाव ख्रिस्टीन ट्रेमुले या मैत्रिणीने सुचवलं. २७ मे २००३ ला वर्डप्रेस ०.७ बाहेर आलं.

जी अडचण मूव्हेबल टाइपवाल्यांना २००४ मध्ये जाणवली, ती बी२ वाल्यांनी दीड वर्ष आधी भोगली होती. फरक एवढाच की बी२ च्या लायसन्सने त्यांना कुणाची परवानगी न घेता पुढे जाऊ दिलं. मूव्हेबल टाइपचा कोड सगळ्यांसमोर उघडा असूनही कुणी त्याचा फाटा, म्हणजे स्वतंत्रपणे पुढे नेलेली आवृत्ती, काढू शकत नव्हतं. जुनी २.६ मालिका हवी तोवर वापरा, एवढीच मुभा. तिच्यात भोक सापडलं तर बुजवलेली प्रत वाटायची सोय नाही.

वेळही जुळून आली. २२ मे २००४ ला, म्हणजे दरपत्रकानंतर ९ दिवसांनी, वर्डप्रेस १.२ आलं. हे काही डाव साधून केलेलं नव्हतं. काम आधीपासून चालू होतं. याच आवृत्तीत प्लगइनची रचना आली, आणि मूळ कोडला हात न लावता बाहेरून भर घालता येऊ लागली. मूव्हेबल टाइपसाठी प्लगइन लिहिणारे नाराज होऊन बसले होते त्याच आठवड्यात. इंग्रजीखेरीज इतर भाषांत हे सॉफ्टवेअर नेण्याची तरतूदही याच आवृत्तीतली; आज वर्डप्रेसचा कारभार मराठीतून चालवता येतो त्याचं मूळ तिथे आहे. सॉफ्टवेअर उतरवून घेण्याच्या सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरून एप्रिलमध्ये वर्डप्रेस ८,६७० वेळा उतरवलं गेलं होतं, मे महिन्यात १९,४०० वेळा.

वाट आणि तिच्यावरचे खड्डे

राग आला म्हणून कुणी घर सोडत नाही. जायला सोपं असेल तरच सोडतो. इथे ते सोपं होतं.

मूव्हेबल टाइपमध्ये ‘निर्यात’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की सगळ्या नोंदी एका साध्या मजकुराच्या फाइलीत उतरत: लेखक, शीर्षक, तारीख, मजकूर, खाली प्रतिक्रिया. दोन भागांमध्ये पाच रेघा, दोन नोंदींमध्ये आठ. डोळ्यांनी वाचता येईल, हातानेही दुरुस्त करता येईल इतकी साधी रचना. वर्डप्रेसकडे ती वाचणारी स्क्रिप्ट तयार होती. शे-पाचशे नोंदींचा ब्लॉग एका बैठकीत हलत असे. नवं बसवणंही त्या मानाने हलकं. स्वस्तातल्या बहुतेक होस्टिंगवर पीएचपी आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस आधीच असायचा; एका फाइलीत डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड भरायचा की काम झालं. ‘पाच मिनिटांत बसवा’ ही वर्डप्रेसची जाहिरात थोडी फुगवलेली होती, पण ज्याने पर्लचे मार्ग शोधत संध्याकाळ घालवली होती त्याला ती पटायची.

खड्डा होता तो जुन्या दुव्यांचा. मूव्हेबल टाइप प्रत्येक नोंदीला सहा आकडी क्रमांकाची फाइल बनवून ठेवायचं. वर्डप्रेसचे पत्ते वेगळे. नोंद हलली, पण जगभरच्या ब्लॉगांवरचे तिच्याकडे येणारे दुवे जुन्याच पत्त्यावर. कुणी सर्व्हरवर वळवणीचे नियम लिहिले. कुणी त्याहून आळशी आणि शहाणा मार्ग धरला: जुन्या फाइली जागच्या जागी राहू दिल्या. त्या साध्या एचटीएमएल फाइली होत्या. मूव्हेबल टाइप काढून टाकलं तरी त्या दिसतच राहिल्या. आज वर्डप्रेसचा डेटाबेस पुसला तर काय उरेल याची कल्पना करून पाहा.

लोकांना ढकलणारं आणखी एक कारण दरपत्रकाच्या आधीपासून साचत होतं, ते म्हणजे प्रतिक्रियांमधला स्पॅम. २००३ च्या शरदात औषधं आणि जुगाराचे दुवे टाकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, ब्लॉगांवर तुटून पडले. मूव्हेबल टाइपमध्ये दर प्रतिक्रियेला एक पर्ल प्रोग्रॅम नव्याने सुरू व्हायचा आणि मग ती नोंद ज्या-ज्या पानांवर असेल ती पानं पुन्हा घडवली जायची. शंभर बॉट एकदम आले की सामायिक सर्व्हर गुडघ्यावर. काही होस्टिंगवाल्यांनी प्रतिक्रियांची फाइलच बंद करून टाकली. जे अॅलन या प्रोग्रॅमरचं एमटी-ब्लॅकलिस्ट हे प्लगइन अनेकांना काही काळ तारून नेत होतं, पण स्पॅम ओळखून अडवायलाही तो पर्ल प्रोग्रॅम सुरू व्हावाच लागे: पाहुण्याला दारातून परत पाठवलं तरी घंटा यंत्राला दमवत होती. वर्डप्रेस पान मागितल्यावर घडवायचं, त्यामुळे प्रतिक्रिया आली तरी पुन्हा घडवण्याचा प्रश्नच नव्हता. स्पॅम त्यालाही सुटला नाही, सर्व्हर मात्र एवढा बसत नव्हता.

जिंकलेल्या सॉफ्टवेअरचं काय झालं

फेब्रुवारी २००५ मध्ये वर्डप्रेस १.५ आलं. त्यात दोन गोष्टी होत्या: थीम, म्हणजे रूप एका झटक्यात बदलायची सोय, आणि तारखेला न बांधलेली स्वतंत्र पानं. मूव्हेबल टाइपवाले ज्या उणिवेपायी आडोसे बांधत होते ती इथे भरली गेली. आणि माझ्या मते ब्लॉगचं स्वरूप पालटायला सुरुवात झाली ती या बिनतारखेच्या पानांपासून.

ब्लॉगिंगच्या साधनात एकदा ‘पान’ आलं की दुकानदाराला, शाळेला, डॉक्टरला तारखेच्या नोंदींची गरज उरत नाही. पहिलं पान स्थिर, आत ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’, आणि कोपऱ्यात ‘ब्लॉग’ नावाचा दुवा, ज्यात दिवाळीच्या शुभेच्छांनंतर काही लिहिलेलं नसतं. जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळं आज वर्डप्रेसवर चालतात, असं डब्ल्यू३टेक्स या पाहणी करणाऱ्या संकेतस्थळाची मोजणी सांगते. त्यातली फार थोडी ब्लॉग आहेत. महाराष्ट्रात हे ठळक दिसतं. पुण्याच्या आरटीकॅम्पसारख्या कंपन्या वर्डप्रेसच्या कामावर उभ्या राहिल्या, गावोगावी ‘वेबसाइट बनवून मिळेल’ म्हणणारा मुलगा वर्डप्रेसच बसवून देतो. मराठीत ब्लॉग लिहिणारे मात्र मुख्यतः गूगलच्या ब्लॉगस्पॉटवर किंवा वर्डप्रेसच्या आयत्या जागेवर राहिले. स्वतःचा सर्व्हर घेऊन सॉफ्टवेअर बसवण्याच्या भानगडीत पडणारे त्यांच्यात कमीच. म्हणून २००४ च्या भांडणाची झळ इकडे पोचली नाही, फळं तेवढी पोचली.

गंमत अशी की मूव्हेबल टाइपची मूळ कल्पना, म्हणजे पान एकदाच घडवून साधी फाइल ठेवायची, हरून गेली नाही. २००८ मध्ये टॉम प्रेस्टन-वर्नरने अशा साध्या फाइली घडवणारं जेकिल हे सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा प्रोग्रॅमर मंडळी पुन्हा तिच्याकडेच वळली. सोबत लिहायला मार्कडाउन. फक्त आता त्यात प्रतिक्रियांची खिडकीच नव्हती.

फुकटचे पैसे कुठून येतात

पिल्ग्रिमच्या युक्तिवादात एक जागा रिकामी होती. कोड कुणाचाही नाही हे ठीक. पण सर्व्हरचं भाडं कुणाचं? २००५ च्या मार्चमध्ये अँडी बायो या ब्लॉगरने उघड केलं की वर्डप्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर दीड लाखाहून अधिक भरताड लेख ठेवलेले आहेत, आणि मुखपृष्ठावरून त्यांच्याकडे जाणारे दुवे वाचकाला दिसू नयेत असे लपवलेले आहेत. जाहिरातीच्या पैशासाठी गूगलला फसवण्याचा हा प्रकार होता, तोही ज्यांचे वापरकर्ते दुव्यांच्या स्पॅमने गांजले होते त्यांच्याकडून. मुलनवेगने लेख काढले, माफी मागितली. त्याच वर्षी त्याची ऑटोमॅटिक ही कंपनी निघाली आणि पैशांचा प्रश्न रीतसर मार्गाला लागला.

दुसरी रिकामी जागा २००४ मध्ये कुणालाच दिसली नाही, ती २०२४ मध्ये दिसली. डब्ल्यूपी इंजिन ही वर्डप्रेसचं होस्टिंग विकणारी मोठी कंपनी या प्रकल्पाला पुरेसं परत देत नाही, असं म्हणून मुलनवेगने सप्टेंबरमध्ये तिच्याविरुद्ध जाहीर आघाडी उघडली. नावाच्या वापरापोटी तिच्या उत्पन्नाच्या ८ टक्के मागितले गेले होते. मग वर्डप्रेस डॉट ऑर्ग या अधिकृत संकेतस्थळावरून प्लगइन आणि सुधारणा मिळण्याची तिची वाट बंद केली गेली. तिच्या ग्राहकांना काही कळायच्या आत फटका बसला. पुढे तिचं एक लोकप्रिय प्लगइनही तिथल्या जागेवर दुसऱ्या नावाने ताब्यात घेतलं गेलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने तात्पुरत्या आदेशाने कंपनीची वाट पुन्हा उघडायला लावली.

जीपीएलचं एक अक्षरही यात मोडलं गेलं नाही. सॉफ्टवेअर कुणीही कशासाठीही चालवावं, ही शून्याव्या स्वातंत्र्याची अट शाबूत होती. पण सुधारणा ज्या एका पत्त्यावरून येतात तो पत्ता मुलनवेगच्या व्यक्तिगत मालकीचा आहे, हे बहुतेकांना तेव्हाच कळलं. २००४ मध्ये सगळ्यांनी लायसन्स वाचायला शिकलं. प्लगइनची यादी कुणाच्या मालकीच्या यंत्रावर आहे हे बघायची सवय कुणाला लागली नाही. म्हणून या दोन घटना मला एकाच प्रकरणाचे दोन भाग वाटतात.

मूव्हेबल टाइपचं पुढे

सिक्स अपार्ट दरपत्रकामुळे बुडाली, असं समजू नये. जानेवारी २००५ मध्ये त्यांनी लाइव्हजर्नल ही ब्लॉगसेवा विकत घेतली. हफिंग्टन पोस्टसारखी मोठी संकेतस्थळं मूव्हेबल टाइपवर चालली. धंदा होता. नव्हते ते हौशी लोक, जे फुकटात प्लगइन लिहितात, नवख्याला रात्री अकरा वाजता मदत करतात आणि उद्या नोकरीच्या ठिकाणी ‘हेच घेऊ’ म्हणतात. डिसेंबर २००७ मध्ये मूव्हेबल टाइप जीपीएलखाली खुलं केलं गेलं, पण ज्यांच्यासाठी केलं ते तीन वर्षं दुसरीकडे रुळलेले होते. २०१३ च्या सहाव्या आवृत्तीपासून ते पुन्हा बंद झालं. २०११ मध्ये नाव आणि सॉफ्टवेअर जपानकडे गेलं होतं, आणि तिथे ते आजही विकलं जातं, पैसे देऊन, कंपन्यांना. जपानमध्ये त्याची नवी आवृत्ती २०२३ मध्येही निघाली.

टाइपपॅड हात बदलत राहिलं आणि ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झालं. सूचना मिळाली सुमारे महिनाभर आधी. वीस-वीस वर्षांचं लेखन असलेल्या लोकांना ज्या फाइलीतून ते बाहेर काढावं लागलं ती तीच, पाच रेघा आणि आठ रेघांची, आणि वर्डप्रेसची ती वाचणारी स्क्रिप्टही अजून चालू होती. त्या फाइलीत फक्त मजकूर येतो. चित्रांच्या जागी त्यांचे टाइपपॅडवरचे पत्ते उरतात, आणि सर्व्हर बंद झाल्यावर त्या पत्त्यांवर काही नसतं. ज्यांनी आधी चित्रांचा फोल्डर वेगळा उतरवून घेतला त्यांचे फोटो राहिले, बाकीच्यांच्या नोंदींत चौकटी आहेत.